नाखवाचं तिसरं पीस

नाखवाची पहिली दोन पिसं पास झाली आणि तिसरं नापास झालं.

कोल्हापूरच्या पीसवाचन केंद्राचा निरोप आला तेव्हा मी बाळाला भरवत होते, म्हणून पहिल्यांदा तो एका डोळ्यानेच वाचला. ‘शेपटीचे पीस : ३६ दिवसांचा निवासखंड आढळला. अर्ज स्थगित.’ तेवढ्यात बाळाने नाचणीची पेज माझ्या मनगटावर फुर्र केली. मी हात पुसला आणि निरोप परत वाचला. अर्थ तोच होता : छत्तीस दिवस पक्षी घरात नव्हता.

नाखवा म्हणजे आमचा आफ्रिकन ग्रे पोपट. राखाडी अंग, लालभडक शेपूट आणि गलबताच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, उभं राहिल्यासारखी छाती काढायची सवय, म्हणून सासऱ्यांनी त्याचं नाव नाखवा ठेवलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी त्याला रीतसर नोंदणी असलेल्या पक्षीपालकाकडून वेंगुर्ल्याला आणलं. सासरे गेले, नाखवा राहिला. माझी सहा वर्षांची पूर्वा जन्मल्यापासून त्याच्याशी बोलत आलीय.

माझा नवरा तुषार दिवाळीनंतर नॉर्वेला गेला. तिथे समुद्रातल्या मत्स्यशेतीवर खाद्याचे पंप सांभाळतो. दोन मेला मी, पूर्वा आणि नऊ महिन्यांचं बाळ असे त्याच्याकडे निघणार होतो. पूर्वाने एकच अट घातली होती, आणि ती रडून घातली नव्हती. शांतपणे माझ्यासमोर उभी राहून म्हणाली होती, “नाखवा नाही तर मी पण नाही. तू बाळाला घेऊन जा.” सहा वर्षांच्या मुलीने असं सांगितलं की हसू येतं, पण मला आलं नाही. ती माझ्यावर गेलीय, हे मला माहीत आहे.

सासूबाई, म्हणजे आई, येणार नव्हत्या. “मी खयंय येवचंय नाय,” त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. नंतर कोणी तो विषय काढला नाही.

नाखवासाठी मी एक निळी फाईल केली होती. पायातल्या कड्याचा नंबर, कातडीखालच्या चिपचा नंबर, पक्षीपालकाचा दाखला, पक्ष्यांच्या तापाची तपासणी, दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापाराचा परवाना, दोन्ही देशांचा. पिंजरा किती इंच, त्यात पाण्याची वाटी कुठे, हेसुद्धा. नाखवा आईंच्या नावावर होता, तो माझ्या नावावर करून घेतला. आईंनी सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि पेन माझ्या हातात दिलं. सगळं आटोपलं होतं. उरली होती फक्त पिसं.

*

पिसाची ही भानगड नवी आहे. जंगलातले पोपट पकडायचे, त्यांच्या पायात खोटी कडी घालायची आणि घरचे म्हणून परदेशी पाठवायचे, हा धंदा कशानेच थांबेना. तेव्हा चार वर्षांपूर्वी देशोदेशींनी मिळून करार केला की कागदावर विश्वास ठेवायचा नाही, पक्ष्याच्या अंगावरच विचारायचं.

पीस उगवताना रोज थोडं वाढतं. उजेडात तिरकं धरलं तर त्यावर बारीक पट्टे दिसतात, एक पट्टा म्हणजे एक दिवस. त्या दिवशी पक्ष्याने जे खाल्लं त्याचा अंश त्या पट्ट्यात अडकून राहतो. कार्बनमध्ये काही अणू किंचित जड असतात. भात, गहू, नारळ यांत ते कमी, आणि ज्वारी, मका, वरी, राजगिरा यांत जास्त. नायट्रोजनचंही तसंच. समुद्रातला लहान मासा मोठ्याने खायचा, मोठ्याला माणसाने खायचं, अशा प्रत्येक पायरीला जड नायट्रोजन वाढत जातो. केंद्रातलं यंत्र पट्ट्यामागून पट्टा जाळून हे मोजतं आणि सांगतं, हा पक्षी किनाऱ्यावर मासेखाऊ घरात होता, की आत कोरड्या मुलखात, की जंगलात. गेल्या वर्षभरात उगवलेली तीन पिसं द्यायची. तिन्हींनी एकच घर सांगितलं तर पक्षी तुमचा.

मी सावंतवाडीला केमिस्ट्री घेऊन बी. एस्सी. केलंय. आलेख वाचता येतो. आमचा आलेख असा होता : अठ्ठेचाळीस पट्टे. पहिले बारा दिवस नायट्रोजन उंच, अगदी समुद्राकाठचा. मग एका दिवसात दरड कोसळावी तसा खाली. छत्तीस दिवस तो खालीच, आणि कार्बन मात्र वर चढलेला.

मी केंद्रात फोन केला. फोनवर अस्मिता चौगुले म्हणून तंत्रज्ञ होत्या, त्यांच्या आवाजात घाई होती पण तुटकपणा नव्हता.

“ताई, यंत्र म्हणतंय पक्षी महिनाभर तुमच्याकडं नव्हता. कुठंतरी आत, बाजरी-मक्याच्या भागात होता. जोडी लावायला दिला होता काय कुणाला?”

“घराच्या बाहेरसुद्धा गेला नाही तो.”

“मग तसं सिद्ध करा. पंचवीस एप्रिलपर्यंत. त्यानंतर तुमच्या विमानाचं मला काही करता यायचं नाही.”

पंचवीसला एकोणीस दिवस होते.

*

मी वह्या ठेवते. पूर्वाच्या वेळी सुरू झालं. किती वाजता दूध, किती मिनिटं, वजन किती, शी कुठल्या रंगाची. तुषार चिडवायचा, “जहाजावरपण एवढी नोंद नसते.” बाळाच्या वेळी तर मी ग्रॅमपर्यंत मोजणारा काटाच आणला.

त्या वहीत बारशाच्या दिवशीची ओळ सापडली. ‘वजन ३.१. नाखवाची शेपूट गळाली. पूर्वाने लाल पीस पाळण्याला बांधलं, काढून ठेवलं (जंतू).’ म्हणजे नवं पीस त्यानंतर आठवड्याभरात फुटलं असणार. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची पानं मी उलटी मोजत गेले. पहिले बारा पट्टे आषाढाचे, त्यातला सगळ्यात उंच सुळका बरोबर गटारी अमावस्येचा. आणि दरड कोसळली ती श्रावणाच्या पहिल्या दिवशी.

मी स्वयंपाकघरात धावत गेले. आई नारळ खवत होत्या, नाखवा विळीजवळ उभा राहून उडणारा कीस टिपत होता.

“आई, गेल्या श्रावणात नाखवाला काय घालत होतात?”

“माझ्या पानातला. दुसरा काय?”

आई अख्खा श्रावण भात सोडतात. सासरे गेल्यापासूनचं त्यांचं व्रत. वरीचे तांदूळ, राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी. मासळीचं तर नाव नाही, ते थेट दीड दिवसाचा गणपती पोहोचवून आल्यावर. श्रावण तीस दिवस आणि वर गणपतीपर्यंतचे. छत्तीस.

पशुवैद्य डॉ. परुळेकरांनी नाखवाला फक्त दाणे आणि फळं घालायला सांगितलं होतं. आईंनी मान हलवली होती आणि त्याच दुपारी त्याला बांगड्याच्या तिखल्याचा भात भरवला होता. तो रोज त्यांच्या ताटाच्या काठावर बसून जेवायचा. त्यांनी उपास धरला की त्यालाही उपास. कोल्हापूरच्या यंत्राला बाजरीचा मुलूख ठाऊक होता, कराराच्या कागदाला सगळे देश ठाऊक होते. आमचा श्रावण दोघांनाही ठाऊक नव्हता.

कराराच्या चौदाव्या कलमात वाट होती. त्याचं नाव सहभोजी पुरावा. त्याच स्वयंपाकघरात जेवणाऱ्या मोठ्या माणसाचे केस द्यायचे. केसही पिसासारखाच लिहीत जातो, महिन्याला एक सेंटिमीटर. माणसाच्या केसात तोच चढ-उतार त्याच दिवसांत सापडला, तर पक्षी त्या माणसाच्या ताटातला, म्हणून घरातला. मात्र त्याखाली आणखी एक ओळ होती. नव्या देशातले पहिले नव्वद दिवस त्या सहभोजीने पक्ष्याबरोबर राहायचं. आफ्रिकन ग्रे ज्याच्या पानात जेवतो ते माणूस दिसेनासं झालं तर स्वतःची पिसं उपटतो.

मला हे कायद्याने सांगायला नको होतं. मागे आई कणकवलीला लग्नाला चार दिवस गेल्या, तेव्हा नाखवाने छातीवर रुपयाएवढी जागा उघडी केली होती.

*

माझे केस कमरेपर्यंत आहेत, पाच वर्षं तरी त्यात असतील. पण ते कामाचे नव्हते. गेल्या श्रावणात मी बाळंतीण होते, आणि आमच्याकडे बाळंतिणीला श्रावण नसतो. दूध वाढावं म्हणून आईंनी रोज वेगळ्या चुलीवर, वेगळ्या टोपात मला मुशीची मासळी शिजवून घातली होती. स्वतः त्या टोपाला हात लावला की आंघोळ करायच्या. माझ्या केसात तो महिना सबंध समुद्र असणार. पूर्वा लहान. तुषार तेव्हा जहाजदुरुस्तीला गोव्यात, कँटीनचं जेवणारा.

उरल्या आई.

“केस?” त्यांनी खोबरं बाजूला ठेवलं. “केस कोणाक देवचे नसतत.”

“प्रयोगशाळेत द्यायचेत, आई. करणी करायला नाही.”

“तां तू म्हणतंस. हातातून गेल्यावर कोण काय करतला, सांगूक येणा नाय.”

“नाखवासाठी.”

त्यांनी नाखवाकडे पाहिलं. मग खवणी परत पुढे ओढली. “नको गे,” म्हणाल्या. एवढंच. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. या बाईंनी मला दोन बाळंतपणांत न्हाऊ घातलंय.

पण माझ्याकडे सतरा दिवस होते.

आईंची जुनी सवय आहे, विंचरलेले केस इकडेतिकडे टाकायचे नाहीत. गुंतवळ बोटावर गुंडाळून न्हाणीघराच्या कोनाड्यात एका डब्यात ठेवायची आणि महिन्याने एकदा माडाच्या मुळाशी पुरायची. मी डबा उघडला. गुंतवळ मोसंब्याएवढी होती. पूर्वी ती लिंबाएवढी असायची, हे माझ्या लक्षात आलं, आणि मला बरं वाटलं. नमुन्याला भरपूर होती.

मी चाळीस केस वेगळे केले, मुळं एका बाजूला करून कार्डावर चिकटवले. ‘सहभोजी व्यक्तीचे नाव’ या ओळीवर लिहिलं, सौ. सुमेधा तुषार केळुसकर. सही केली. पूर्वा विमानात नाखवाच्या पिंजऱ्याशेजारी बसलीय, असं डोळ्यासमोर ठेवलं आणि पाकीट चिकटवलं.

*

पाकीट पाठवल्यावर सातव्या दिवशी चौगुल्यांचा फोन आला.

“ताई, अभिनंदन. बोट ठेवायला जागा नाही असं जुळलंय. श्रावणाची दरड पिसात जशी, तशी केसात. यंत्राला मी आता श्रावण शिकवणार आहे, तुमच्यामुळं बाकीच्या लोकांची कटकट वाचेल. परवानगी आजच पाठवते.”

“थँक्यू,” म्हणाले.

“एक विचारू का? रागवू नका. माझं काम नाही हे.” त्यांनी आवाज खाली आणला. “तुम्ही जेवता ना नीट?”

“म्हणजे?”

“श्रावणानंतर तुमचा नायट्रोजन परत वर येतो, मासळी सुरू होते, ते ठीक. पण दिवाळीच्या पुढं तो वाढतच जातो, मासळीनं जाईल त्याच्या पार वर. अन्न कमी पडलं ना, की शरीर स्वतःलाच खायला लागतं. स्नायू मोडून वापरतं. आपण आपल्याहून एक पायरी वर चढतो म्हणा ना. तसा दिसतोय आलेख. आणि हे केस गळलेले आहेत, उपटलेले नाहीत. गळायच्या आधी दोन-तीन महिने केस वाढायचा थांबतो. म्हणजे मला दिसतंय ते जानेवारीपर्यंतचं. पुढचं काय, देव जाणे. मागं बाळ ऐकू येतंय, अंगावर पितंय ना? म्हणून म्हटलं.”

मी म्हणाले, “हो, बाळाच्या गडबडीत जेवणाकडे दुर्लक्ष होतं.”

“करू नका,” चौगुले म्हणाल्या. “घरात दुसरं कोण बघणारं असेल तर त्यांना सांगा, ताट समोर आणून ठेवा म्हणावं.”

पाच मिनिटांत परवानगी फोनवर आली. वर सोनेरी शिक्का होता. पूर्वाने तो बघितला आणि नाखवाला सांगायला पळाली.

*

त्या दुपारी मी बाळाला झोळीत घालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले. आई नेहमीसारख्या सगळ्यांत शेवटी जेवायला बसल्या. पाठ माझ्याकडे होती. नाखवा ताटाच्या काठावर चढला.

मी मोजायला लागले. भात तीन घास. त्यातला एक नाखवाला. सुंगटाची आमटी बोटाने चाटण्यापुरती. कोळंबी सोलून त्याला. मग दुसरी सोलून त्याला. आईंचा हात तोंडाकडे कमी जात होता आणि ताटावर जास्त फिरत होता. बाळाच्या एकेका थेंबाची नोंद करणारी मी, या बाईंच्या ब्लाऊजच्या बाह्या कधी सैल झाल्या ते मला सांगता आलं नसतं.

नाखवाने मान वर केली आणि आईंच्या आवाजात, अगदी त्यांच्या घोगऱ्या, वाकड्या सुरात म्हणाला, “माका नको, तू खा.”

हे तो दिवाळीपासून म्हणत होता. आम्ही हसायचो. पूर्वाने तर त्याचा व्हिडिओ करून बाबाला पाठवला होता.

“आजी रोज त्याला असंच सांगते,” पूर्वा माझ्या कानाशी कुजबुजली. “म्हणून त्याला पाठ झालंय.”

मी उठले, माजघरात गेले आणि चौगुल्यांना फोन लावला.

“ते केस माझे नाहीत,” म्हणाले. “माझ्या सासूबाईंचे आहेत. त्यांना न विचारता घेतले. सही खोटी आहे.”

चौगुल्यांनी पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“ताई, हे तुम्ही मला का सांगता? परवानगी मिळालीय की तुम्हाला.”

“नाखवा माझ्या ताटात जेवत नाही. तिकडे नेला तर महिन्याभरात स्वतःला सोलून काढेल. माझी मुलगी ते बघत बसेल. आणि इथे…” मी दाराआडून स्वयंपाकघराकडे पाहिलं. “इथे त्यांच्या ताटावर कोणीच नसेल.”

“परवानगी रद्द होईल. नव्वद दिवस अर्ज करता येणार नाही.”

“करा.”

“खरंच करू?”

“करा, आणि नव्वद दिवसांनंतरची पहिली तारीख मला द्या.”

चौदा जुलै. मी ती बाळाच्या वहीत लिहिली.

तुषारला संध्याकाळी सांगितलं. तो आधी चिडला. “सुमे, तुला वेड लागलंय का? झालं होतं सगळं. तिकिटं काढलीत मी. इकडे शाळेत नाव घातलंय.”

“आई जेवत नाहीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे जेवत नाहीत. तू गेल्यापासून.”

पडद्यावर त्याच्या मागे राखाडी समुद्र होता, त्यात मत्स्यशेतीची गोल गोल जाळी. “मी रोज बोलतो तिच्याशी,” तो म्हणाला. “मला कधी बोलली नाही.”

“कशी बोलेल? रोज तीच तुला विचारते, जेवलास का म्हणून. तू कधी उलटं विचारलंयस?” मग मी आवाज थोडा उतरवला. “मीही नाही विचारलं. आमच्या तिघांची तिकिटं पुढे ढकल. आणि चौथं बघून ठेव.”

“ती येणार नाही.”

“ते मी बघते.”

*

आईंना सांगणं सगळ्यांत कठीण होतं. मी चौगुल्यांनी पाठवलेला आलेख घेऊन त्यांच्यासमोर पाटावर बसले आणि पहिलं वाक्य तेच बोलले, “आई, मी तुमची गुंतवळ घेतली.”

त्यांनी न्हाणीघराच्या दिशेने पाहिलं. मग माझ्याकडे. “चोरलंस?”

“हो.”

“माका विचारलंस, मी नको म्हटलं, आणि तरी?”

“हो.”

रागावतील, रडतील, असं वाटलं होतं. त्या पदर खोचून बसल्या. “बघूया. काय दिसला त्यात?”

मी आलेख उलगडला. त्यांनी चष्मा लावला. कुठल्या रेषेचा काय अर्थ ते मी सांगत गेले आणि त्या बोट फिरवत गेल्या. श्रावणाच्या सपाट भागावर बोट थांबलं. “ह्यो श्रावण?”

“हो.”

“सगळो सरळ. एक दिवस पण चुकलंय नाय.” आवाजात मान ताठ होती. मग अलीकडच्या सुळक्याकडे बोट गेलं. “आणि ह्यो डोंगर कसलो?”

“गटारी.”

“हां.” त्या किंचित ओशाळल्या. “त्या दिवशी सरंगो चांगलो गावलेलो.”

मग त्यांचं बोट पुढे सरकलं, दिवाळीच्या पुढे, जिथे रेष चढत जात होती. मीच बोलले. “इथपासून तुम्ही जेवत नाही. यात लिहिलंय.”

“जेवतंय मी. नाखवाक विचार.”

“त्यानेच सांगितलं, आई.”

नाखवा खिडकीच्या गजावर चोच घासत होता. आईंनी चष्मा काढून पदराने पुसला, बराच वेळ पुसला.

“तुमी गेल्यावर एकटीक किती लागतला तां बघी होतंय,” त्या म्हणाल्या. “सवय करूक व्हयी ना. रोज वायच कमी केलंय. एका मुठीत भागता. पण एका मुठीसाठी चूल पेटवची काय, ह्याच कळना नाय.”

वायच म्हणजे थोडंसं. आमच्या घरात तो शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो.

मी म्हणाले, “नाखवाला मी माझ्या नावावर करून घेतलं, ती चूक झाली. तो कागद मी परत तुमच्या नावावर करतेय. कायदाच म्हणतो, तो तुमच्या पानातला आहे. तो जाईल तर तुमच्याबरोबर, राहील तर तुमच्याबरोबर. पूर्वालाही मी हेच सांगणार आहे. पण आधी नव्वद दिवस तुम्ही माझ्यासमोर जेवायचं.”

“आणि नाय जेवलंय तर?”

“तर मी इथे बसून राहीन. तुषारला तिकडे एकट्याला मुठीची सवय होऊ दे.”

त्यांनी आलेखाची घडी घातली. “माझ्यापेक्षा हट्टी आसस,” म्हणाल्या.

“तुमच्याच हातची मुशी खाल्लीय.”

*

दुसऱ्या दिवशी आईंना डॉक्टरांकडे नेलं. रक्त कमी, वजन सहा किलोंनी कमी. गोळ्या लागल्या. मी नवीन वही काढली आणि पहिल्या पानावर आईंचं नाव घातलं. त्या वही बघून म्हणाल्या, “आता माझी शी पण लिवतलंस काय?” पूर्वा जमिनीवर लोळून हसली.

सगळ्यांत शेवटी जेवायचं बंद झालं. तीन ताटं एकदम, बाळाची वाटी मध्ये. पहिले पंधरा दिवस मला रोज भांडावं लागलं. त्या ताटातलं सरकवायच्या, मी परत सरकवायचे. नाखवासाठी वेगळी ताटली ठेवून पाहिली, ती त्याने चोचीने उलटी केली आणि आईंच्या काठावर जाऊन बसला. तेव्हा ठरवलं, तो बसेल तिथे बसू दे, मी आईंना त्याच्या वाटणीसकट वाढेन.

मे गेला. नॉर्वेच्या शाळेत पूर्वाचं नाव पुढच्या सत्रात घातलं. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा आईंनी त्याला आंब्याची फोड दिली आणि सांगितलं, “मी जातंय म्हणून नाय, कागद असूंदे म्हणून काढतंय.” जूनमध्ये त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, तिकडे बांगडा मिळतो का. तुषारने दुसऱ्या दिवशी बाजारातून फोन करून बांगड्याचा ढीग दाखवला. “डोळे बघ त्याचे,” आई मला म्हणाल्या. “शिळो आसा.” पण पडद्यावरून नजर हटवली नाही.

तेरा जुलैला सकाळी मी कार्ड आणि चिकटपट्टी काढून ठेवली. आई न्हाऊन आल्या, केस मोकळे होते. मी काही म्हणायच्या आत पाटावर बसल्या.

“आजच घे. पुढच्या आठवड्यात श्रावण लागता. मगे तुझा मशीन परत बोंब मारतला.”

“चौगुल्यांनी त्याला श्रावण शिकवलाय आता.”

“तरी पण.” त्यांनी कानामागची बट वेगळी केली. “गुंतवळ नको. डोक्यावरचे घे, मुळासकट. चोरलेलो केस वेगळो, दिलेलो वेगळो.”

मी एकेक केस उपटत गेले. त्या डोळे मिटून बसल्या होत्या, एकदाही हलल्या नाहीत. मुळाकडचे तीन सेंटिमीटर बाणाच्या खुणेवर नीट बसवले. कार्डाखालच्या ओळीवर त्यांनी स्वतः नाव लिहिलं, कुमुदिनी केळुसकर, सावकाश, प्रत्येक अक्षरावर स्वतंत्र रेघ देत. त्याखाली चौकोन होते. ‘सहभोजी व्यक्ती पक्ष्यासोबत प्रवास करणार : होय / नाही.’

पेन तिथे थांबलं. मी बाळाचं तोंड पुसायला घेतलं, जे पुसलेलंच होतं.

“परत येवचा तिकीट आधी काढूक सांग,” आई म्हणाल्या. “गणपतीनंतर जाऊया, आणि पुढच्या श्रावणाच्या आत माका हयसर सोडायचा.”

“परत येतानाही त्याची पिसं द्यावी लागतील.”

“देवया. आता सवय झाली.” आणि त्यांनी होयवर खूण केली.

पाकीट मी दुपारच्या टपालाने पाठवलं. उत्तर आठ दिवसांनी आलं, श्रावण लागायच्या आदल्या दिवशी, आम्ही जेवायला बसलो असताना. सरंग्याच्या कालवणाचा वास सगळ्या घरात होता. फोन माझ्या मांडीशेजारी थरथरला. पडद्यावर कोल्हापूरचा नंबर होता.

“आई, फोन,” पूर्वा म्हणाली. तिच्या हातातला घास तसाच राहिला होता.

मी फोनकडे हात नेला, तेवढ्यात नाखवाने आईंच्या ताटाच्या काठावरून चालत मान वर केली, छाती काढली आणि त्यांच्याच घोगऱ्या आवाजात, काही नवंच बोलल्यासारखं नाही, रोजचं म्हणून म्हणाला, “वायच वाढ गे.”

आईंचं ताट रिकामं होतं. त्यांनी नाखवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“नंतर बघू फोन,” मी पूर्वाला म्हटलं, आणि भाताची पळी उचलली.